मोरी तुंबली, खर्च कोणाचा?

प्रश्न: आर्वी तालुक्यातल्या एका गावात भाड्यानं राहते. भांड्यांची मोरी अन् न्हाणी एकदमच तुंबतात. घरमालक काका म्हणतात, "वापरता तुम्ही, तं साफही तुम्हीच करा." मागच्या चेंबरचं झाकण काढलं तं जुन्या मातीच्या पाईपाच्या सांध्यातून कडुलिंबाच्या मुळ्यांचा झुबका आत घुसलेला, त्याले भात अन् केस चिकटलेले. याचे पैसे मी काऊन द्यावे?

उत्तर: ताई, मी गवंडीकाम करतो. एकच मोरी तुंबली असती तं जाळीतला कचरा तुम्हीच काढायचा. दोन्ही एकदम तुंबल्या म्हणजे पुढची लाईन बसली. मुळ्या नुसत्या कापू नका, पुन्हा येतात. तेवढा तुकडा काढून पीव्हीसी पाईप टाकाव लागते. काम मालकाचंच.

उत्तर: आधी करारनामा बघा, दुरुस्तीबद्दल काही लिहिलंय का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे नोटीस देऊन १५ दिवसांत मालकानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पण तो कायदा ठरावीक भागांतच लागू आहे. बाकी ठिकाणी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ बघा. नोटीस लेखीच द्या.

प्रश्नकर्ती: करार तोंडीच आहे. चेंबरचे फोटो काढले, आजच काकांना चिठ्ठी देते.

उत्तर: रस्त्यावरची नालीही पाहून घ्या. ती भरली असेल तं अर्ज ग्रामपंचायतीत द्या.