विषय: घरच्या लॅपटॉपचा आवाज गेलाय, इथून काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी घरापासून लांब असते. बेळगावात अनगोळच्या घरी आईबाबांचा विंडोज ११चा लॅपटॉप आहे. फॉरमॅट मारून आणल्यापासून आवाज बंद. कोपऱ्यातल्या स्पीकरवर लाल फुली आहे, त्यावर बाण नेला की 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' असं येतं. दुरुस्तीवाला म्हणतोय साउंडकार्ड गेलं, मदरबोर्ड बदलावा लागेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या भागांची विंडोजमधली यादी) साउंडखाली 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' तेवढं दिसतं. म्हणजे ड्रायव्हर (आवाजाची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आहे ना?

– अनगोळ, बेळगाव

---

ताई,

मदरबोर्डाला इतक्यात हात लावू देऊ नका. इंटेल डिस्प्ले ऑडिओ म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीला जाणारा आवाज. लॅपटॉपच्या स्पीकरचं काम वेगळी चिप करते, बहुतेक वेळा रिअलटेकची. फॉरमॅटनंतर ती यादीत नसली तर चिप मेली असं धरू नये. तिच्यापर्यंत जाणारा ड्रायव्हर बसलेला नसतो, इतकंच.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत प्रोसेसर आणि रिअलटेक यांच्या मधे इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी, म्हणजे एसएसटी, असते. एसएसटीचा ड्रायव्हर नसेल तर विंडोजला पलीकडची रिअलटेक चिप दिसतच नाही. मग रिअलटेकचा सेटअप कितीदाही चालवा, फुली हलत नाही. गल्लोगल्ली 'साउंडकार्ड गेलं' असं सांगतात त्याचं एक मोठं कारण हेच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अदर डिव्हाइसेस' उघडायला सांगा. तिथे पिवळ्या त्रिकोणासकट 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असेल. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. पहिल्याच टॅबवर कोड असतो: २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गहाळ, १० म्हणजे यंत्र सुरू होईना. मग डिटेल्स टॅब, तिथल्या यादीत 'हार्डवेअर आयडीज', आणि वरच्या ओळीचा मोबाइलवर फोटो. त्या ओळीत 'व्हेन' (VEN, म्हणजे चिप बनवणारी कंपनी) याच्या पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०२२ असेल तर एएमडी. ही ओळ हाती आल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, नेमक्या त्याच मॉडेलचा. मॉडेल आणि सिरियल नंबर बहुधा खालच्या स्टिकरवर असतात. रिअलटेक म्हटलं की सगळं एकच असं नसतं. कोणत्या पिनवर स्पीकर आणि कोणत्या पिनवर जॅक, याची मांडणी मॉडेलप्रमाणे बदलते. दुसऱ्या मॉडेलची फाइल टाकली तर हेडफोन वाजतो आणि स्पीकर गप्प, असंही होऊ शकतं. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर तर अजिबात नकोत.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी चिपसेट (मदरबोर्डावरच्या मूळ चिपांचा ड्रायव्हर), मग एसएसटी, शेवटी रिअलटेक. काही कंपन्या शेवटचे दोन एकाच सेटअपमध्ये देतात. प्रत्येकानंतर रीस्टार्ट.

– निपाणी

---

निपाणीच्या दादांनी सांगितलं ते बरोबरच. पुढचं जरा मी लिहितो.

कोड ३९ आला तर नुसतं 'अनइन्स्टॉल' करून भागत नाही. त्याच चौकटीत 'अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर' अशी टीक असते, ती करायचीच. नाही केली तर विंडोज स्वतःच्या साठ्यातली तीच बिघडलेली प्रत रीस्टार्टनंतर पुन्हा बसवते.

आपल्याकडे पावसाळ्यात, खानापूरच्या बाजूला तर जास्तच, करंट जातो-येतो. बॅटरी जुनी असेल तर इन्स्टॉल अर्ध्यात तुटतं आणि फाइल अर्धीच राहते. बॅटरी निम्म्याच्या वर असल्याशिवाय सुरुवात करू नका.

विंडोज अपडेटवरही डोळे मिटून विसंबू नये. २०१८च्या ऑक्टोबरात इंटेल ऑडिओचा ९.२१.००.३७५५ हा ड्रायव्हर चुकून लोकांच्या मशीनवर गेला आणि आवाज बंद झाले. तो काढायला मायक्रोसॉफ्टला केबी४४६८५५० हा वेगळा अपडेट द्यावा लागला. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर आधी ड्रायव्हर टॅबवरचं 'रोल बॅक' (आधीचा ड्रायव्हर परत आणणं) बघा.

इथून करायचं तर क्विक असिस्ट, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून बघायचं-चालवायचं मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप, बरं. ते विंडोजमध्येच मिळतं. मायक्रोसॉफ्टचं खातं आपल्याला लागतं, घरच्यांना नाही. त्यातला जोडणीचा कोड दहाच मिनिटं चालतो, म्हणून आधी फोन लावा आणि मग कोड काढा. फोन शेवटपर्यंत चालू ठेवा, कारण सेटअप परवानगी मागतो तेव्हा आपल्याला स्क्रीन दिसेनाशी होते. 'येस' घरच्यांनाच दाबावं लागतं. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन्हीकडची माणसं नुसती वाट बघत बसतात.

फॉरमॅटनंतर वायफायचाही ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यावर नेट मिळतं.

– खानापूर

---

दोघांचेही आभार. फोटो आला: कोड २८, व्हेन ८०८६. कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि एसएसटी टाकल्यावर रीस्टार्टनंतर साउंडखाली 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' आपोआप आलं, फुली गेली. आवाज येतो, पण बारीक आहे.

– अनगोळ

---

ताई, तो मायक्रोसॉफ्टचा कामचलाऊ ड्रायव्हर. रिअलटेकचा अजून राहिलाय. तेवढा टाका, आवाज भरून येईल.

– निपाणी