गाडीच्या आतलं रंग उडालेलं प्लास्टिक घरच्या घरी कसं सुधारलंत? अनुभव लिहा

मंडळी, बाबांची 2009 ची हॅचबॅक आता माझ्याकडे आलीये. इंजिन ठणठणीत आहे पण आतून बघवत नाही. डॅशबोर्डचा काचेलगतचा भाग पांढुरका पडलाय, एसी व्हेंटच्या कडा उडाल्यात आणि मागच्या सीटशेजारच्या प्लास्टिकवर बोट फिरवलं की भुकटी लागते. बाबांनी ही गाडी इतकी वर्षं दर रविवारी स्वतः पुसलीये, म्हणून जास्तच वाईट वाटतं. नवीन पॅनेलचा खर्च या गाडीला परवडणारा नाही. ज्यांनी घरी कमी पैशात काही केलंय त्यांनी लिहा ना, काय वापरलं, किती दिवस टिकलं, आणि फसलं असेल तर तेही.

अकोलेकर
दादा, काही विकत आणायच्या आधी नुसतं धुऊन बघा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, गाडी दिवसभर उघड्यावर, त्यामुळे मला वाटलं सगळं प्लास्टिक जळलं. कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा लिक्विड सोप, दात घासायचा मऊ ब्रश, आणि प्लास्टिकवरच्या त्या बारीक दाण्यादाण्यांत हलक्या हाताने घासलं तर फडकं पिळल्यावर चहासारखं पाणी निघालं. बराचसा पांढरेपणा म्हणजे दाण्यांत बसलेली धूळ नि जुनं पॉलिश होतं. फक्त बटणांच्या आसपास ओलं फडकं घट्ट पिळून वापरा, आत पाणी जाऊ देऊ नका. धुऊनही जे पांढरं राहतं ते खरं उडालेलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर फाटतो, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यावर उजेड विखुरला की प्लास्टिक पांढरं दिसतं. तेल लावलं की त्या भेगा भरतात म्हणून काळं दिसतं, तेल उडालं की परत तेच.

सोलापूरची
तेलाचं बरोबर आहे पण मी खोबरेल वापरते आणि वापरणार. सासऱ्यांची पद्धत आहे, जुन्या बनियनच्या तुकड्यावर दोनच थेंब, चोळायचं, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की बोटाला तेल लागता कामा नये. दरवाज्याच्या पॅनेलवर दहा-बारा दिवस छान दिसतं. जास्त लावलं तर आमच्याकडची धूळ अशी बसते की विचारू नका. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला मात्र कधीच नाही, एकदा लावलं होतं तर समोरच्या काचेत डॅशबोर्डचंच प्रतिबिंब, संध्याकाळी सूर्य समोर असताना रस्ता दिसेना, गाडी बाजूला घ्यावी लागली. स्टिअरिंग, पेडल, गिअरची मूठ यांनाही तेल नको, हात-पाय सटकतो. डॅशबोर्डला आता पाण्यासारखं पातळ, चमक न देणारं पॉलिश आणते.

रत्नागिरीकर
आमचा प्रॉब्लेम वेगळा, उडालेलं नाही, चिकट. काही गाड्यांत प्लास्टिकवर रबरासारखा मऊ थर असतो, तो दमट हवेत काही वर्षांनी विरघळल्यासारखा होतो, दरवाज्याचं हँडल धरलं की हात काळा. पावडर लावून झाली, साबण झाला, काही नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, खिडक्या उघड्या ठेवून फडक्यावर घेऊन चोळलं, तर डांबरासारखा थर सुटून आला आणि खाली साधं काळं प्लास्टिक छान निघालं. पण खिडकीच्या बटणावरचे बाण त्या थरावरच छापलेले होते, ते पण गेले, त्याची हळहळ अजून आहे. बटणं हळू घ्या. आणि घाई म्हणून थिनर नको, प्लास्टिकच विरघळतं.

ठाणेकर
ज्यांची भुकटी निघते त्यांना तेल-पॉलिशने भागणार नाही, रंगच द्यावा लागेल. मी दोन दरवाज्यांचे खालचे खण आणि गिअरभोवतीचं कन्सोल मॅट काळ्या स्प्रेने केलं, दीड वर्ष झालं, पायाची लाथ बसते तो कोपरा सोडला तर सगळं शाबूत आहे. आधी कुर्ल्याच्या भंगारातून एक तुटका खण आणून त्यावर हात बसवला. पार्ट काढून धुवायचा, 600 नंबरच्या काचपेपरने ओला घासायचा, सुकला की प्लास्टिकचा प्रायमर, तो नसेल तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग वीतभराहून जरा लांबून पातळ हात मारायचे, मधे दहा-पंधरा मिनिटं. जाड मारला की दाणे बुजतात नि पार्ट खेळण्यातल्यासारखा दिसतो. ताईंनी सांगितलेलं तेल किंवा सिलिकॉनचं पॉलिश ज्या पार्टाला लागलंय तिथे रंगाला डोळे पडतात, रंग गोल गोल फाकतो, म्हणून तीनदा धुवा. जुलैत करू नका, माझा पहिला पार्ट दमट हवेत पांढुरका सुकला. आणि एअरबॅगच्या झाकणावर रंग, वॉर्निश, स्टिकर काहीही नको, ते ठरलेल्या जागी फाटायला हवं.

पुणेकर
हीट गनचे व्हिडिओ बघून कोणी आत प्रयोग करू नका. बाहेरच्या काळ्या बंपरपट्टीवर मी केलंय, वरचा थर किंचित वितळून काळा होतो, काही महिने टिकतो. आतलं प्लास्टिक पातळ असतं, माझा दरवाज्याचा खण दोन सेकंद जास्त झाले तर फुगला, शेवटी नाना पेठेतून जुना आणून बसवला.

दुबईकर
इथे उन्हाळ्यात स्टिअरिंगला हात लागत नाही. पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड, न चुकता, अर्ध्या तासासाठी थांबलो तरी. सहा वर्षांत डॅशबोर्ड जसाच्या तसा आहे. तिकडे 2012 ला सुप्रीम कोर्टाने काचेवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या, सनशेडला उभ्या गाडीत कोणी अडवत नाही.

धागा काढणारा
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अकोल्याच्या दादांच्या पद्धतीने धुतलं, तीन बादल्या पाणी काळं झालं आणि डॅशबोर्ड जवळजवळ सगळा परत आला, काचेलगतची चार बोटांची पट्टी तेवढी पांढरी आहे. बाबा खाली आले, व्हेंटच्या खाचेत बोट घालून बघितलं, म्हणाले इथे माझं फडकं कधी पोचलं नाही. मग स्वतःच ब्रश घेऊन बसले. आता मागचं भुकटीवालं प्लास्टिक दिवाळीनंतर रंगवायचं ठरलंय, पण ते सीटबेल्टच्या खाली अडकलेलं आहे आणि ओढलं की क्लिप तुटेल असं वाटतं. कोणी काढलं असेल तर कुठून सुरुवात करायची सांगा.