‘लॉग इन’मधला लॉग कोणता?

प्रश्न: घरून काम सुरू झाल्यापासून ‘किती वाजता आलास?’ ऐवजी ‘किती वाजता लॉग इन केलंस?’ असं विचारतात. हा लॉग म्हणजे गणितातलाच का?

उत्तर: नाही. गणितातला लॉग हे लॉगॅरिदमचं आखूड रूप. तो शब्द जॉन नेपियरने १६१४ मध्ये ग्रीक शब्द जोडून रूढ केला. लॉग इनमधला लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका, आणि तो आला जहाजावरून.

शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेलं लाकूड मागच्या बाजूने पाण्यात टाकत. पुढे ओंडक्याऐवजी पाचरीच्या आकाराची फळी आली. तिच्या गोलाकार कडेला शिसं ठोकलेलं असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राही आणि जवळजवळ जागची हलत नसे. जहाज पुढे जाई तशी रिळावरची दोरी सुटत जाई. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. वाळूचं घड्याळ २८ सेकंदांचं. तेवढ्यात जितक्या गाठी हातातून सरकल्या तितके ‘नॉट’, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. गणित करून पाहा, हिशोब अगदी चोख जुळतो!

हा आकडा ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. हळूहळू तिच्यात वारा, दिशा, घडामोडी असं सगळंच येऊ लागलं आणि ‘लॉग’ म्हणजेच नोंद झाली. १९६१ मध्ये एमआयटीत एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायची सीटीएसएस प्रणाली सुरू झाली. कोण वापरतंय आणि किती वेळ, याची नोंद लागणारच. तिथली सुरुवातीची आज्ञाच ‘लॉगिन’ होती.

प्रश्न: मग मराठीत ‘प्रवेश करा’ बरोबर आहे का?

उत्तर: चालतं, पण मला ते अपुरं वाटतं. प्रवेश कोणीही करतो. इथे आधी नाव लागतं, मग दार उघडतं. ‘हजेरी लावणे’ अर्थाला जास्त जवळ आहे, मस्टरवर सही करतो तसं. ऑफिसच्या पोर्टलवर ते शोभेल, बँकेच्या अ‍ॅपवर मात्र विचित्र दिसेल. तिथे ‘लॉग इन करा’च ठेवावं. लिहिताना एवढं पाळा: क्रियापद असेल तर ‘लॉग इन करा’ असं तोडून, नाम असेल तर ‘माझं लॉगिन चालत नाही’ असं जोडून.

आणि हो, ब्लॉगही याच घरातला. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मधला, दोन वर्षांत त्याचा ‘वे’ गळाला.