मदत हवी आहे : न दिसणारे अस्तित्व चित्रात कसे जाणवून द्यावे?

सध्या मी तैलरंगात एक अतिवास्तववादी (सर्रियल, म्हणजे स्वप्नासारखे) चित्र करत आहे. त्यात काही मानवी चेहरे पुढे असून त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आत्मिक अस्तित्वे जाणवावीत, पण थेट दिसू नयेत, अशी कल्पना आहे. चेहरे मनाजोगते उतरले आहेत. अडचण आहे ती न दिसणाऱ्यांची. पांढऱ्याचा पातळ हात दिला की धुरकट भूत तयार होते, आणि ते मला मुळीच नको आहे.

अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीने १९४० मधील गुलामांच्या बाजाराच्या चित्रात उभ्या आकृतींमधूनच फ्रेंच विचारवंत व्होल्तेअरचा चेहरा साकारला. तोच मार्ग धरून मी डावीकडच्या दोन चेहऱ्यांच्या गालांच्या कडा अशा वळवल्या, की मधल्या अंधारात तिसऱ्याचे कपाळ आणि नाक उमटते. मात्र ते एकदा दिसले की नजर तिथेच अडकते आणि गूढतेऐवजी कोडे सुटल्याचा आनंद उरतो, जो माझ्या मते या विषयाला मारक आहे. याच शैलीचा चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडाच्या रेषांवर कागद ठेवून घासत आकार शोधले, तसा योगायोग पार्श्वभूमीत आणता येईल का?

दुसरा पर्याय पारदर्शक थरांचा. टायटॅनियम पांढरा फार झाकतो. झिंक पांढरा अधिक पारदर्शक आहे, पण तैलरंगात तो कालांतराने ठिसूळ होतो. अशा वेळी पांढरा पूर्णपणे टाळून केवळ उष्ण (लाल-पिवळसर) आणि शीत (निळसर) छटांच्या फरकावर हा परिणाम कोणी साधला आहे का, आणि त्यासाठी कोणते रंग वापरावेत?