लाल-पिवळ्या झेंड्यांबाहेरचं पाणी शांत होतं, तरी जीवरक्षकाने बाहेर का काढलं?

निळाई
गेल्या रविवारी नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा भाचा यांना घेऊन समुद्रावर गेले होते. वरचा अर्धा भाग लाल, खालचा पिवळा असे दोन झेंडे वाळूत रोवलेले होते. सगळी गर्दी त्या दोघांच्या मधे, आणि लाटाही तिथेच फुटत होत्या. मुलगी घाबरली. ऐंशीएक पावलांवर मात्र पाणी अगदी संथ, एकही लाट फुटत नव्हती. मी मुलांना तिकडे नेलं. गुडघाभर पाण्यात उतरतोय तोच शिट्टी वाजली. जीवरक्षक धावत आला, "आधी बाहेर या," एवढंच म्हणाला आणि आम्ही वाळूवर येईपर्यंत जागचा हलला नाही. लोक बघत होते. मला ते फार लागलं. मी आठवड्यातून तीनदा तलावात किलोमीटरभर पोहते आणि दोन्ही मुलांचे हात माझ्या हातात होते.

भांडायचं नाही, समजून घ्यायचं आहे. लाटा फुटतात तिथे पोहू देतात आणि शांत पाण्यातून बाहेर काढतात, हे कसं?

भरतीओहोटी
ताई, मी अकरा हंगाम जीवरक्षकाचं काम केलं आहे. सर्वांत जास्त माणसं मी अशा शांत दिसणाऱ्या पाण्यातूनच ओढून आणली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाट फुटते ती तळ उथळ झाल्यावर. म्हणजे जिथे फेस दिसतो तिथे बहुतेक वेळा खाली वाळूचा उंचवटा असतो आणि पाय टेकतात. लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेलं सगळं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट म्हणजे दोन उंचवट्यांमधली चर. चरीत पाणी खोल, त्यामुळे लाट फुटत नाही, वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि आतून पाणी समुद्राकडे धावत असतं. यालाच रिप करंट म्हणतात. वेग साधारण सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण कधीकधी तो २ मीटरच्या वर जातो. इतक्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा पोहणाराही पुढे सरकणार नाही. तुमचं किलोमीटरभर पोहणं मला कमी लेखायचं नाही, पण तलावातलं पाणी कुठे जात नसतं. आणि दोन मुलांचे हात धरलेल्या माणसाला पोहायला हात उरत नाहीत.

त्या जागी गुडघाभर पाण्यातून दोन पावलं टाकली की मुलांच्या छातीपर्यंत पाणी, हे मी स्वतः कितीदा पाहिलं आहे.

लाल-पिवळे झेंडे सकाळी एकदा रोवून ठेवायचे नसतात. ओहोटी लागली की चरीतली ओढ बऱ्याचदा वाढते, वाळू सरकते, मग आम्ही झेंडे उपटून दुसरीकडे लावायचो. त्या दोन झेंड्यांमधली जागा म्हणजे "या तासाला आम्ही हे पाणी बघितलं आहे आणि आमची नजर इथे आहे" असा शब्द असतो. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. दोन लाल म्हणजे पाणी सगळ्यांसाठी बंद. पिवळा म्हणजे मध्यम धोका. जांभळा जेलीफिशसारख्या जिवांसाठी. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा झेंडा दिसला तर ती जागा सर्फबोर्डवाल्यांची, पोहणाऱ्यांची नाही. बारीकसारीक फरक देशोदेशी असतात, तेव्हा आल्या आल्या फलक वाचावा. आणि एकही झेंडा नसेल तर त्याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा काढू नका. तिथे पाण्यावर कुणाची नजरच नसेल.

उनाडवारा
हे सगळं पटलं, पण मग सांगायला काय जातं? मलाही एकदा असंच हाकललं होतं. दोन वाक्यं समजावली असती तर पुन्हा कोणी तिकडे गेलं नसतं.

भरतीओहोटी
तुमचं म्हणणं खरं आहे आणि चांगले जीवरक्षक पाणी मोकळं असताना सांगतातही. पण मी तुमच्याकडे तोंड करून दोन मिनिटं बोललो, तर दोन मिनिटं पाण्याकडे पाठ झाली. मी बोलायचो तेही पाण्याकडे बघत, लोकांना वाटायचं माणूस उर्मट आहे. डोकी मोजत राहायची, एखादं डोकं मागे झुकलेलं, तोंड उघडं, केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला सारायला हात वर येत नाही, असं दिसलं की पळायचं. आमचं बरंचसं काम पाण्यात उडी मारण्याचं नव्हतंच, ती वेळ येऊ न देण्याचं होतं. ताईंना वाजलेली शिट्टी त्यातलीच.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. वर डोकं मागे झुकल्याचं लिहिलंय त्याला जोड देते. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, असं आपण धरून चालतो. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्यांच्या प्रत्यक्ष चित्रफिती अभ्यासून दाखवून दिलं की तसं होत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून येणार? हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपतं. मूल पाण्यात असेल तर हात लांबवला की ते हाताला लागलं पाहिजे, एवढ्या अंतरावर मोठ्या माणसाने असावं. फोन वाळूवर.

आणखी एक. श्वास थांबलेल्या बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायला सुरुवात करायची, कारण त्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबलेलं असतं. हे प्रशिक्षणात एकदा हाताने करून शिका.

निळाई
वाचताना अंगावर काटा आला. मग समजा चुकून त्या ओढीत सापडलोच, तर पोहता येणाऱ्याने काय करायचं?

भरतीओहोटी
किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही. माणूस दमतो ते तिथेच. ओढ तुम्हाला आत नेते, खाली नेत नाही, हे मनात घट्ट धरा. पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, श्वास जागेवर येऊ द्या, एक हात वर करा. अनेक रिप गोल फिरून माणसाला पुन्हा उथळ भागाकडे आणतात. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, फेस दिसतो त्या बाजूला पोहा. ओढ उलटी लागली तर दुसऱ्या बाजूने बघा.

आणि दुसरं कुणी सापडलं तर मागे उडी टाकू नका. जीवरक्षकाला हाक मारा, तरंगणारं काहीही फेका, रिकामा बंद कॅनसुद्धा चालतो. वाचवायला गेलेले आई-बाप आम्ही बाहेर काढले आहेत. मूल तरंगत होतं, बाप नव्हता. हे मला अजून झोपेत दिसतं.

निळाई
आज पुन्हा गेलो होतो. जीवरक्षक तोच होता. कामात नाही असं बघून मी आभार मानले. त्याने पाण्यावरची नजर न काढता मुलीला त्या संथ पट्ट्यातला फेसाचा एक पुंजका दाखवला आणि म्हणाला, "शंभर मोज." तिने मोठ्याने मोजले. त्र्याऐंशीला तो पुंजका फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेला होता. झेंडे आज गेल्या वेळच्या जागेवर नव्हते, बरेच डावीकडे होते. ते कुठे आहेत हे माझ्याआधी तिनेच शोधलं.