रोहित्र जळालं तर घरच्या घरी बॅटरी

रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळून वीज गेली, तर लिंबाला खिळा आणि तांब्याची तार टोचून मोबाईल चार्ज होईल, असं एकांनी लिहिलंय. होणार नाही. व्होल्टेज जुळवता येतं, पण करंट मिळतो जेमतेम मिलीअँपिअरमध्ये, आणि मोबाईलला लागतात शेकड्यांनी.

एलईडी मात्र नक्की पेटतो. आमच्या लातूरकडे लागणारं सगळं वाड्यातच सापडतं: जळालेल्या मोटारीची तांब्याची तार, गोठ्याच्या पत्र्याचे तुकडे (गंज न चढलेले, कारण कामाचा असतो तो जस्ताचा थर) आणि मिठाचं पाणी. मोटारीच्या तारेवर वॉर्निश असतं, ते पात्यानं खरवडून तार चकचकीत करा. बहुतेकांचा प्रयोग इथंच फसतो. मग मिठाचं पाणी भरलेल्या प्रत्येक प्याल्यात एक तार, एक पत्रा. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. एका प्याल्याची तार पुढच्याच्या पत्र्याला जोडत जायचं. एक प्याला साधारण पाऊण व्होल्ट देतो. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, म्हणून पाच-सहा प्याले धरा. एलईडीचा लांब पाय एका टोकाच्या मोकळ्या तांब्याकडे, आखूड पाय दुसऱ्या टोकाच्या पत्र्याकडे. उजेड मंदावला की तार पुसून पुन्हा बुडवायची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तो अंधारातच. तेव्हापासून आमच्याकडं उशाशी टॉर्च असतेच. मोबाईलच चालू ठेवायचा असेल, तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीतला चार्जर वापरा. पण ती बॅटरी फोडून आतलं शिसं काढायला जाऊ नका, त्यातलं आम्ल कातडी जाळतं.