दक्षिण कॅरोलायना १८६५–७७: आधी जमीन, आधी बंदोबस्त की आधी तिजोरी?

दप्तरदार

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या दक्षिण कॅरोलायनाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "१८७७ ला केंद्राचं सैन्य काढलं आणि काळ्यांना मिळालेले हक्क, सगळं बुडालं." मला हे पटत नाही. बुडायला १८६५ मध्येच लागलं होतं, आणि जमिनीपायी.

१८६० च्या खानेसुमारीत राज्यात सुमारे ७ लाख ३ हजार माणसं, त्यांतली ४ लाख २ हजार गुलाम. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन याने हुकूम क्रमांक १५ काढला. चार्ल्सटनपासून दक्षिणेची बेटं आणि समुद्रापासून ३० मैल आतपर्यंतची, मालक सोडून गेलेली भातखाचरं मुक्त कुटुंबांना द्यायची. कुटुंबामागे फार तर ४० एकर. सुमारे ४० हजार लोक तिथे वसले. पण हातात आला तो नुसता ताबा, पक्कं खरेदीखत नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली, आणि माफीसोबत जमीनही. ऑक्टोबरात मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड हे सांगायला स्वतः एडिस्टो बेटावर गेले.

डिसेंबरात राज्याच्या विधिमंडळाने 'ब्लॅक कोड', म्हणजे फक्त काळ्यांना जखडणारा कायदा, केला. काळ्या माणसाला शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुकान टाकायचं तर वर्षाला १०० डॉलरचा परवाना! राज्यातल्या केंद्रीय सैन्याचा प्रमुख जनरल सिकल्स याने तो कायदा जानेवारीत मोडून काढला, जमीन मात्र गेली ती गेलीच. १८६८ ची राज्यघटना, मताधिकार, शाळा हे सगळं त्यानंतरचं. ज्याच्या शेतावर राबायचं, ज्याच्या खोपटात राहायचं, त्याच्याच विरोधात माणूस किती निवडणुका मत देणार?

तर्कटराव

असहमत. दिली त्यांनी मतं, दहा वर्षं दिली, भूमिहीन असूनही. १८६८ च्या घटना समितीत काळे प्रतिनिधी बहुसंख्य होते. ते थांबले ते बंदुकीमुळे.

यॉर्क काउंटी (म्हणजे जिल्हा) घ्या. गव्हर्नर स्कॉट यांनी १८७० मध्ये काळ्यांच्या मिलिशियाला, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेला, रायफली दिल्या. गोरे चिडले, तशी १८७१ च्या सुरुवातीला वरच्या भागातल्या तुकड्यांची हत्यारं परत घ्यायला लागले. म्हणजे आधी माणसाला उघडपणे सरकारच्या बाजूने उभं करायचं आणि मग त्याचा हात रिकामा करायचा. त्याच मार्चमध्ये मिलिशियाचा कॅप्टन जिम विल्यम्स याला कू क्लक्स क्लॅनने (गोऱ्यांची गुप्त दहशती टोळी) रात्री घरातून ओढून नेऊन फाशी दिलं.

उपाय लागू पडत होता, हेही तिथेच दिसतं. १७ ऑक्टोबर १८७१ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित केला. तिथल्या केंद्रीय सैन्याच्या मेजर मेरिलकडे गुप्त माहितीच्या याद्या तयार होत्या, धरपकड झाली, क्लॅन मोडला. अडलं ते पुढे. आरोपी शेकड्यांनी आणि फेडरल (केंद्राचे) खटले चालवायला कोर्टं, वकील, पैसा तुटपुंजा. मोजकेच खटले निकाली निघाले, बाकीचे रेंगाळून विरले. लोकांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. १८७६ च्या जुलैत हॅम्बर्गला मिलिशियाच्या पकडलेल्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा मारणाऱ्यांना तुरुंगाची भीती उरली नव्हती. ४० एकरांचं खरेदीखत असतं तर त्या रात्री काय कामाला आलं असतं?

कोरडवाहू

दोघंही एक गोष्ट सोडताय. जमीन मिळाली तरी बी, खेचर आणि मार्च ते ऑक्टोबरचं खाणं कुठून आणायचं? युद्धात बँका बुडालेल्या. १८६६ मध्येच राज्याने पिकावरच्या तारणाचा कायदा केला. दुकानदार उधारीवर मका, डुकराचं मांस, खत देणार आणि शेतात न उगवलेल्या पिकावर पहिला हक्क त्याचा. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. वर अट अशी की कापूसच लावा, कारण कापूस केव्हाही विकता येतो आणि घरी खाऊन संपवता येत नाही. जो तो कापूस लावतो, भाव पडतो, वहीतली बाकी पुढच्या सालावर चढते.

थोडं अवांतर: ही साखळी आपल्याकडेही पोचली होती. त्यांच्या युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईला भाव चढले, खानदेश-वऱ्हाडात कापसाखालचं क्षेत्र वाढलं, १८६५ ला युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला. पुढे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली गेली. त्या दंग्यांची कारणं आणखीही आहेत, पण कापसाचा कोसळलेला भाव त्यांत धरावाच लागतो.

पैपै

राज्याने स्वतः जमीन वाटायचा प्रयत्न केला होता, हे दप्तरदारांनी लिहिलंच नाही! १८६९ चं लँड कमिशन. राज्याने रोखे काढून मळे विकत घ्यायचे, २५ ते १०० एकरांचे तुकडे पाडायचे, हप्त्याने द्यायचे. आधी २ लाख डॉलर मंजूर, नंतर आणखी ५ लाख.

बिघडलं कुठे? खरेदीत. मालक, दलाल आणि आयुक्तांची साखळी जमली आणि कवडीमोलाच्या जमिनी चढ्या भावाने सरकारच्या गळ्यात पडल्या. त्यातली एक खरेदी चक्क 'हेल होल स्वॅम्प' नावाच्या दलदलीची. नावातच नरक, तरी मोजले पैसे. १८७२ मध्ये हा कारभार राज्याचे सचिव फ्रान्सिस कार्डोझो यांच्याकडे गेला, त्यांनी नोंदी लावल्या, हप्ते वसूल केले, आणि अखेरीस सुमारे १४ हजार कुटुंबांना या योजनेतून जमीन मिळाल्याचा अंदाज आहे. योजना वाईट नव्हती, पहिली तीन वर्षं वाईट होती.

पण मूळ दुखणं महसुलाचं. युद्धाआधी तिजोरीचा मोठा वाटा गुलामांवरच्या डोईकराचा. जमिनीवरचा कर नाममात्र. गुलामी गेली तसं ते उत्पन्नही गेलं. इकडे खर्च वाढला, कारण पहिल्यांदाच सगळ्यांसाठी शाळा. १८७६ पर्यंत पटावर १ लाख २० हजारांहून जास्त मुलं, काळी नि गोरी. म्हणून जमिनीवर पूर्ण किमतीने कर लावला आणि जमीनदारांनी करदात्यांच्या परिषदा भरवल्या. त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं ते रोख्यांनी: जुने रोखे बदलून नवे द्यायचे, पण न्यूयॉर्कमध्ये नवे विकले आणि जुने रद्दच केले नाहीत. १८७३ मध्ये असे जवळपास ६० लाख डॉलरचे रोखे बेकायदा ठरवावे लागले.

दप्तरदार

पैपै, कमिशनचं मान्य, मी सोडायला नको होतं. पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. आणि तर्कटराव, किनाऱ्यावरचं ब्यूफोर्ट बघा. तो भाग १८६१ लाच उत्तरेच्या आरमाराने घेतला होता, कर थकल्याने मळे लिलावात निघाले. लिलावात घेतल्याचा कागद जॉन्सनलाही फिरवता आला नाही. रॉबर्ट स्मॉल्स यांनी, ज्या घराच्या मालकाचे ते गुलाम होते, ते घर असंच विकत घेतलं. आणि हेच स्मॉल्स १८७७ नंतरही काँग्रेसवर निवडून जात राहिले, १८८७ पर्यंत तिथे होते. जिथे मालकीचा कागद, तिथे मत टिकलं.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात काळे विद्यार्थी दाखल झाले. चार वर्षांत विद्यापीठालाच टाळं लागलं.

पैपै

सत्ता गेली कशी तेही पाहा. १८७६ च्या राज्यातल्या निवडणुकीच्या निकालावर वाद झाला, दोन सभापती एकाच सभागृहात चार दिवस एकमेकांशेजारी बसून कामकाज चालवत होते. बाहेर गव्हर्नरपदावर दावा सांगणारे डेमोक्रॅट हॅम्प्टन यांनी करदात्यांना सांगितलं, गेल्या वर्षीच्या कराचा दहावा हिस्सा आमच्याकडे भरा. लोकांनी भरला. रिपब्लिकन गव्हर्नर चेंबरलेन यांच्या सरकारकडे कर येईना. १० एप्रिल १८७७ ला राज्यभवनातून सैनिक निघाले, तेव्हा त्या सरकारकडे पगाराला पैसे नव्हते.

तर्कटराव

दप्तरदार, ब्यूफोर्टचं पुढचंही सांगा. १८८२ चा आठ पेट्यांचा कायदा: प्रत्येक पदाला वेगळी पेटी, चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली तर बाद. वाचता न येणाऱ्याला सोबत्याने पेटी दाखवायची नाही, आणि पेट्यांच्या जागा मध्येच बदलता यायच्या. मग राज्याची १८९५ ची घटना, मताला लिहिता-वाचता येण्याची अट घालणारी. स्मॉल्स तिच्या सभेत उभे राहून विरोधात बोलले. काय उपयोग झाला?

दप्तरदार

त्याच घटनेत पुढे असंही आहे की लिहिता-वाचता न येणाऱ्याकडे ३०० डॉलरची मालमत्ता असेल तर मत आहे.

तर्कटराव

आणि कर भरल्याची पावती दाखवायची. डोईपट्टी निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेली हवी. पावती खरी की खोटी हे टेबलामागे बसलेला ठरवणार. त्याला तिथे कोणी बसवला?